गाडी सजवायची की खरी चालवायची? रेडियमच्या दुकानातून एक लांब उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा विचारतो: "मला गेममध्ये गाड्या सजवायला फार आवडतात. नीड फॉर स्पीडमध्ये बॉडी किट, रिम, निऑन, स्टिकर यांतच रात्र जाते. मित्र म्हणतात, 'काय गाडीले लिपस्टिक लावून रायला बे, असेटो कोर्सा चालवून पाय.' ते घेतलं तर त्यात गॅरेजच नाही. गाडी निवडा, ट्रॅक निवडा, चला. दोन दिवसांत कंटाळलो. सजावट आणि खरेपणा दोन्ही देणारा गेम आहे का, की एक सोडावंच लागतं? गेमसाठीचं जुनं जी-२९ स्टीअरिंग घ्यायचा विचार आहे. पीसी मध्यम आहे."

भाऊ, हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. सदरला माझं रेडियमचं आणि रॅपिंगचं काम आहे. दिवसभर खऱ्या गाड्यांवर विनाइल चढवतो आणि रात्री सिम्युलेटरमधल्या, म्हणजे गाडी खऱ्यासारखी चालवायला लावणाऱ्या गेममधल्या, गाड्यांच्या लिव्हरी, म्हणजे रंगसजावट, काढतो. २०१४ च्या डिसेंबरात असेटो कोर्सा हा सिम्युलेटर पूर्ण स्वरूपात आला, तेव्हापासून हे चालू आहे. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे, शनिवारी रात्री जेवणं आटोपली की शर्यत लागते, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांचे रंग माझ्या हातचे असतात. तुमचे मित्र ज्या दोन गोष्टींचं भांडण लावतात त्या माझ्या घरी रोज एकाच टेबलावर असतात.

तुमच्या प्रश्नात एक तराजू आहे. एका पारड्यात सजावट, दुसऱ्यात खरेपणा, एक चढलं की दुसरं उतरणार. मला वाटतं घोटाळा तिथेच आहे, कारण 'सजावट' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी कामं कोंबतो. पहिलं म्हणजे रंग: पेंट, स्टिकर, नंबर, पट्टे. दुसरं म्हणजे बाहेरून लावलेले भाग: विंग, बंपर, रुंद फेंडर (चाकावरचा पत्रा). तिसरं म्हणजे गाडीची ठेवण: रिम किती मोठी, गाडी किती खाली बसवली, चाकं किती कलती. रंगाचा गाडीच्या चालण्याशी जवळपास संबंध नसतो. लावलेल्या भागांचा कधी असतो, कधी नसतो. ठेवणीचा मात्र दर वेळी असतो. म्हणून कुठलाही गेम हातात घेतला की मी एकच पाहतो: मी गाडीला जे लावलं त्याचा हिशेब हा गेम माझ्याकडून घेतो का?

असेटो कोर्साच्या पोटात डोकावलात तर ही वाटणी उघड्या डोळ्यांनी दिसते. प्रत्येक गाडीचं एक फोल्डर असतं. त्यात 'स्किन्स' नावाचं एक फोल्डर, तिथे रंगाच्या चित्रफायली. शेजारी 'डेटा' नावाची एक बांधलेली फाइल, तिच्यात टायर, सस्पेन्शन, हवेचा दाब, इंजिन असं सगळं आकड्यांत लिहिलेलं. आणि तिसरी वस्तू म्हणजे गाडीचं त्रिमितीय मॉडेल, डोळ्यांना दिसणारी गाडी. स्किनमध्ये तुम्ही हवा तो गोंधळ घाला, ऑनलाइन सर्व्हर हूं की चूं करत नाही. डेटामधला एक आकडा हलवला तर सर्व्हर फाइलची तपासणी करतो, ती जुळत नाही, आणि तुम्हाला आत घेत नाही. ज्यांनी हा सिम्युलेटर बनवला त्यांनी रंगाला पूर्ण मोकळीक दिली आणि चालण्याला कुलूप लावलं. तुम्हाला गॅरेज सापडलं नाही, कारण ते मेन्यूत नाही, फोल्डरात आहे. मेन्यूत गॅरेज न देणं ही त्या गेमची उणीवच आहे, ती मी झाकणार नाही.

आता रंगाबद्दल थोडं लांबून बोलतो. 'लिपस्टिक' हा शब्द माझ्या मनाला लागला, कारण शर्यतीच्या इतिहासात रंग कधीच वरवरचा नव्हता. प्रायोजक येण्याआधी गाडीचा रंग हा देशाचा रंग असे: इंग्लंडची हिरवी, इटलीची लाल, फ्रान्सची निळी, जर्मनीची पांढरी आणि पुढे रुपेरी. फॉर्म्युला वनमध्ये १९६८ साली लोटसने सिगारेट कंपनीचे लाल-पांढरे-सोनेरी रंग अंगावर घेतले आणि तेव्हापासून गाडी ही धावती पाटी झाली. १९७५ मध्ये अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराने रंगवलेली बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल थेट ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली. १९७९ मध्ये अँडी वॉरहॉलने बीएमडब्ल्यू एम-१ स्वतःच्या हातांनी अर्ध्या तासाच्या आत रंगवली, आणि ती गाडी ल माँला एकूण सहावी आली. ती नटून प्रदर्शनात उभी राहिली नव्हती, रात्रभर पळाली होती.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण १९७१ च्या पोर्शे ९१७/२० चं. ती गाडी नेहमीच्या ९१७ पेक्षा रुंद आणि गुबगुबीत होती, कारण वाऱ्याचा अडथळा कमी करायचा आणि गाडी स्थिरही ठेवायची असा तो प्रयोग होता. आकार विचित्र दिसला म्हणून तिला गुलाबी रंग दिला आणि खाटकाकडच्या तक्त्यासारख्या तुटक रेघा मारून अंगावर डुकराच्या मांसाच्या भागांची नावं लिहिली. लोक तिला 'गुलाबी डुक्कर' म्हणू लागले. ल माँची शर्यत ती पुरी करू शकली नाही, अपघात झाला. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका गाडीत आहे. तिची रुंदी वाऱ्यासाठी होती आणि रंग माणसांसाठी. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींची कारणं वेगळी होती.

वर मी 'जवळपास' संबंध नसतो म्हटलं, कारण रंगालाही वजन असतं. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीचं किमान वजन ७९८ किलो ठरलं होतं आणि बऱ्याच संघांच्या गाड्या त्याहून जड भरत होत्या. तेव्हा संघांनी जागोजागी रंग काढून टाकला आणि कार्बन फायबर उघडं ठेवलं. त्या हंगामानंतर गाड्या अचानक काळ्या दिसायला लागल्या, त्यामागे हे ग्रॅमाग्रॅमाचं गणित होतं. आपल्या सिम्युलेटरमध्ये रंगाचं वजन धरत नाहीत, धरायची गरजही नाही.

इकडे आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात, मग दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवतात, अंगावर झूल टाकतात. त्याच जोडीला शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जुंपताना कुणी झूल ठेवत नाही. शिंगांचा रंग मात्र कुणी खरवडून काढत नाही. आमच्या गटातल्या भंडाऱ्याकडच्या एका काकांना मी रंग आणि बॉडी किट यांतला फरक याच शब्दांत सांगितला होता. ते म्हणाले, "मंग असं सांग ना पहिलेच."

आता झुलीकडे येऊ, म्हणजे लावलेल्या भागांकडे. इथे तुमच्या मित्रांच्या बोलण्यात तथ्य आहे.

विंग घ्या. विंगचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १२० च्या वेगाला जितका दाब मिळतो, त्याचा चौथा हिस्साच ६० ला मिळतो. म्हणजे धरमपेठेत फिरणाऱ्या गाडीवरची विंग ही फक्त दिसायची वस्तू, आणि लांब वेगवान वळणावर तीच विंग गाडीला जमिनीला चिकटवते. पण फुकट नाही: सरळ रस्त्यावर ती वाऱ्याला अडवते आणि टॉप स्पीड खाते. मागे मोठी विंग लावली आणि पुढे काहीच नाही, तर वेगात पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळायला कुरकुरते. ज्या गेममध्ये तुम्ही डोक्याएवढी विंग लावता आणि यांतलं काहीच घडत नाही, तिथे विंग म्हणजे स्टिकरच आहे, फक्त तीन मितींतला.

रिमचा हिशेब आणखी मजेशीर, आणि तो मी दुकानात दर आठवड्याला कुणाला तरी सांगतो. चाक नुसतं पुढे जात नाही, फिरतंही. त्यामुळे टायरच्या परिघाजवळ एक किलो वजन वाढलं तर वेग घेताना इंजिनाला ते जवळपास दोन किलोंसारखं ओढावं लागतं. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे उंचवट्यावर चाक जमीन लवकर धरत नाही. बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की टायरची भिंत पातळ होते. स्टीअरिंग चटकन ऐकतं खरं, पण प्रत्येक दणका थेट कमरेत. एका गिऱ्हाइकाने छोट्या हॅचबॅकला १४ ची १७ रिम बसवली, वर स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली, आणि मग माझ्याकडे पट्टे मारायला आणली. सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर टायर आतून फेंडरला घासत होता. पट्टे मी मारून दिले. पंधरा दिवसांनी फेंडरची कड आतून घासून टायर कापला गेला. गेममध्ये असं व्हायला हवं की नाही, हे तुम्हाला काय हवंय यावर आहे. पण झालं नाही तर तुम्ही गाडीचं चित्र सजवताय, गाडी नाही.

या मोजपट्टीवर गेम लावून पाहा.

नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २००३ चा, दुसरा भाग २००४ चा. दुसऱ्या भागात तर गाडी दिसायला किती भारी याचे तारे मिळत आणि ते वाढल्याशिवाय गेम पुढे सरकत नसे. माझ्या पिढीला विनाइलचं वेड तिथून लागलं, माझ्या धंद्यातही त्या गेमचा वाटा आहे. तिथे बंपर बदलून वळण बदलत नाही. आणि तो गेम तसा दावाही करत नाही. तो सजावटीचा गेम आहे, उत्तम आहे, त्यात कमीपणा काही नाही.

ग्रॅन टुरिस्मो १९९७ पासूनचा. पहिल्याच भागात साध्या गाडीला रेसिंग मॉडिफिकेशन केलं की तिचं अंग आणि रंग दोन्ही बदलत आणि गाडीची पकडही बदले. आताच्या सातव्या भागात विंग लावली की दाबाचे आकडे हलतात, काही गाड्यांना रुंद बॉडी बसवता येते आणि ती एकदा बसवली की काढता येत नाही. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. खऱ्या फेंडरला कटर लावताना हात जसा थांबतो, तसा तिथे बटणावर थांबतो. लिव्हरीसाठी बाहेरून चित्र चढवता येतं, पण एका फाइलला १५ किलोबाइटची मर्यादा आहे, म्हणून वेक्टर, म्हणजे रेघांनी बनलेली, फाइल साफ ठेवायची सवय लागते. आम्ही कोरल या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिकर कापणाऱ्या प्लॉटरसाठी नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, कमी करतो, तेच काम. फक्त हा गेम प्लेस्टेशनवरच चालतो, पीसीवर नाही.

फोर्झामध्ये बाहेरचं चित्र चढवता येत नाही. गोल, चौकोन, त्रिकोण अशा आकारांचे थरावर थर लावून सगळं काढायचं. हजारो थर लावून लोकांनी माणसांचे चेहरे काढलेले आहेत, मी पाहून थक्क होतो. तिथे विंग, रिम, टायर बदलले की वजन आणि गाडीचा गुणांक बदलतो आणि गाडी दुसऱ्या वर्गात ढकलली जाते. म्हणजे हिशेब घेतात, जरा ढोबळ घेतात. फोर्झा होरायझन पीसीवर आहे, तुमच्यासाठी तो मधला रस्ता आहे.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर मात्र बीमएनजी ड्राइव्ह हे आहे. त्यात खऱ्या कंपन्यांच्या गाड्या नाहीत, सगळ्या काल्पनिक आहेत. पण प्रत्येक गाडी ही वजन असलेल्या बिंदूंची आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांची जाळी आहे आणि सेकंदाला २००० वेळा तिचं गणित होतं. बंपर काढला तर तेवढं वजन खरंच जातं. रोल केज, म्हणजे आतला लोखंडी पिंजरा, बसवला तर गाडी ताठ होते आणि जडही होते. सस्पेन्शन बदललं, चाकं बदलली, प्रत्येक भागाचा परिणाम बुडाला जाणवतो. भागांची यादी इतकी लांब आहे की तुमची रात्र तिथेही जाईल. एक सावधगिरी: हे सगळं गणित प्रोसेसरवर पडतं. मध्यम पीसीवर रस्त्यावर एकटी गाडी मजेत चालेल, पण आठ-दहा गाड्या उभ्या केल्या की मशीन धापा टाकेल. मे महिन्यात, खोलीत कूलर चालू असताना, जास्तच.

काल्पनिक गाड्यांचा मुद्दा आला म्हणून सांगतो, खऱ्या गाड्यांच्या सिम्युलेटरमध्ये बॉडी किट का नसतात. कंपनीची गाडी गेममध्ये घ्यायची तर कंपनीचा परवाना लागतो, आणि आपली गाडी कशी दिसावी, किती मोडावी यावर कंपनीचं म्हणणं असतं. पोर्शेचा परवाना कित्येक वर्षं एकाच गेम कंपनीकडे अडकला होता. तो २०१६ च्या अखेरीस सुटला तेव्हा असेटो कोर्सात पोर्शे आल्या. तोवर ग्रॅन टुरिस्मोसारखे गेम पोर्शेवर आधारलेल्या गाड्या करणाऱ्या रूफ या कंपनीच्या गाड्यांवर भागवत होते. दुसरं कारण त्याहून मोठं. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये, म्हणजे २०१९ च्या त्या सिम्युलेटरमध्ये, मुख्यतः शर्यतीच्या जीटी-३ वर्गातल्या गाड्या आहेत. खऱ्या जीटी-३ गाडीचा आकार मंजूर करून घेतलेला असतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बरोबरीत याव्यात म्हणून कुणाचं वजन वाढवतात, कुणाची ताकद कमी करतात. तिथे खऱ्या संघालाही मनाने विंग बदलता येत नाही. त्यामुळे त्या गेममध्ये बॉडी किट नसणं हेच खरेपण आहे. संघाला मोकळीक असते ती रंगाची, आणि गेमनेही तीच दिली: मूळ रंग, चकचकीत की मॅट की सॅटिन, आणि वर स्वतःच्या चित्रफायली.

आमच्या गटात हा प्रश्न एकदा चांगलाच पेटला होता. एका मुलाने असेटो कोर्सासाठी कुठून तरी रुंद बॉडीची गाडी आणली. दिसायला झकास: फुगलेले फेंडर, बाहेर आलेली चाकं. आम्ही सगळ्यांनी ती उतरवून घेतली आणि शर्यत लावली. तिसऱ्या फेरीपासून आरडाओरडा. कुणी म्हणे, "मी जागा सोडली होती, तू आत घुसलास." कुणी म्हणे, "धडक दिसली, पण बसली नाही." मी फाइल उघडून पाहिली तर मॉडेल रुंद केलेलं, पण धडक मोजणारा साचा मूळच्या अरुंद गाडीचा, आणि सस्पेन्शनच्या फाइलमध्ये दोन चाकांमधलं अंतरही मूळचंच. म्हणजे डोळ्यांना दिसणारी गाडी एक आणि रस्त्यावर धावणारी दुसरी. आरशात ती रुंद दिसे म्हणून मागचा माणूस ब्रेक मारी, आणि खरं तर जागा असे. त्या रात्री दोन जण भांडून निघून गेले. एक जण महिनाभर आला नाही. ती शर्यत लावण्याआधी मी फाइल तपासायला हवी होती. मी तपासली नाही, कारण मलाही ती गाडी फार सुंदर वाटली होती. तेव्हापासून आमचा नियम आहे की स्किन ज्याची त्याची, डेटा आणि मॉडेल सगळ्यांचं एक.

इथे मी थांबून एवढंच म्हणतो की रंग कुठल्याही सिम्युलेटरमध्ये निर्धास्तपणे करा, आणि भाग लावायचेच असतील तर जिथे त्यांचा हिशेब होतो तिथे लावा. पुढचं सगळं तुमच्या परिस्थितीवर आहे.

पहिली परिस्थिती: तुम्ही एकटे खेळता की लोकांशी? एकटे खेळत असाल तर असेटो कोर्सातही मॉडच्या, म्हणजे लोकांनी बनवलेल्या, गाड्या घेऊन हवी ती मोडतोड करा, कुणाचं काही जात नाही. ड्रिफ्टची आवड असेल तर कारएक्स ड्रिफ्ट रेसिंगही पाहा, तिथे किट आणि चाकांचा कल दोन्ही खेळवता येतात. लोकांशी शर्यत लावायची असेल तर एकसारख्या गाड्या आणि आपापले रंग, याला पर्याय नाही.

दुसरी: तुम्ही कुठून बघता? हे कुणी आधी सांगत नाही. नीड फॉर स्पीडमध्ये गाडी मागून दिसते, म्हणून सजवलेली गाडी सतत समोर असते. सिम्युलेटरमध्ये आपण ड्रायव्हरच्या जागेवरून बघतो आणि आपलीच गाडी आपल्याला दिसत नाही. तुमच्या कंटाळ्याचं अर्धं कारण हेच असावं, असा माझा अंदाज आहे. त्यातून आणखी एक गोष्ट निघते. २७ इंची स्क्रीन डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर भूमितीने येणारा उभा दृष्टिकोन, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत नजरेचा कोन, साधारण २७ अंश. तो लावलात तर पहिल्यांदा चित्र भिकार वाटतं, खिडकीच्या फटीतून बघितल्यासारखं, वेगही जाणवत नाही. पण वळण किती दूर आहे हे खरं कळतं आणि ब्रेक जागेवर लागतो. मी स्वतः थोडा वाढवून ३५ च्या आसपास ठेवतो, कारण शेजारची गाडी दिसायला हवी. दिसणं आणि खरेपणा यांची खरी ओढाताण मला रंगापेक्षा इथे जास्त वाटते.

मग सजवलेली गाडी बघायची कधी? रीप्लेमध्ये. आमच्याकडे रविवारी सकाळी तर्री-पोहे खाता खाता शनिवारच्या शर्यतीचा रीप्ले लावतात आणि त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडाभर रंग काढतो.

तिसरी: स्टीअरिंग. जी-२९ घ्या, चांगला विचार आहे. ते पीसीवर चालतं आणि प्लेस्टेशनवरही, त्यामुळे उद्या ग्रॅन टुरिस्मोकडे वळलात तरी वाया जाणार नाही. आत गिअर आहेत, त्यामुळे थोडा खडखडाट करतं, तो दोष समजू नका. जुनं घेताना दोन गोष्टी तपासा: पूर्ण ९०० अंश फिरवून मध्यावर आणल्यावर गेममध्ये सरळ दिसतं का, आणि ब्रेकचं पेडल हळूहळू दाबताना आकडा सलग चढतो की मधेच उड्या मारतो. उड्या मारत असेल तर आतला सेन्सर धुळीने माखलेला असतो, साफ होतो, पण त्या नावाखाली भाव पाडून घ्या. टेबल मजबूत हवं, पेडल सरकू नयेत म्हणून मागे भिंत हवी. स्टीअरिंग आल्यावर मात्र एक धोका आहे. नीड फॉर स्पीड ज्या पद्धतीने कंट्रोलरसाठी घडवलाय, तो स्टीअरिंगवर तुम्हाला पोकळ वाटायला लागेल. मग मित्र बरोबर होते असं समजू नका. हत्यार बदललं की काम बदलतं, इतकंच.

खऱ्या गाडीबद्दल एक ओळ, कारण माझ्याकडे येणारी निम्मी पोरं गेममधला फोटो घेऊन येतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनाने मूलभूत बदल करायला बंदी आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्या कलमाचा अर्थ कडक लावला. गाडीचा रंग बदलला तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. सायलेन्सर, रुंद चाकं, कापलेले स्प्रिंग हे सगळं आधी बीमएनजीत करून बघा. तिथे आरटीओ नाही आणि टायरही फुकट आहेत.

आता तुम्हाला कामाला लावतो. असेटो कोर्सा तुमच्याकडे आहेच, तो काढून टाकू नका. कंटेंट मॅनेजर नावाचा त्याचा वेगळा लाँचर घ्या, त्यातल्या शोरूममध्ये गाडी फिरवून स्किन बघता येते. गाडीच्या एखाद्या स्किनचं फोल्डर कॉपी करा, नवं नाव द्या आणि मूळ फोल्डरला हात लावू नका. चित्र उघडलंत की गाडी सोलून जमिनीवर पसरल्यासारखी दिसेल: दरवाजे एकीकडे, छत दुसरीकडे, बंपर वाकडातिकडा. घाबरू नका. खऱ्या गाडीवर आम्ही विनाइलचा तुकडा हीट गनने ओढून वळणावर बसवतो, इथे तेच काम डोक्यात करायचं.

पहिल्या लिव्हरीत तीनच रंग ठेवा. दोन एकमेकांपासून लांबचे, एक जोडणारा. नंबर मोठा, जाड, आणि मागच्या पट्ट्याला चिरत जाणारा नको. गाडी वेगात असताना बारीक नक्षी राखाडी चिखल होते, मोठे सपाट आकार टिकतात. आमच्या रात्रीच्या लांब शर्यतीत मी एका गाडीचं नाक पिवळं केलं होतं, बाकी अंग काळं. आरशात पिवळा ठिपका दिसला की सगळ्यांना कळायचं कोण आलंय, आणि त्याला लोक थोडी जास्त जागा द्यायचे. क्रोमचा मोह पहिल्या वेळी टाळा; तो आजूबाजूचं आभाळ पितो आणि तुमचा मूळ रंग दिसतच नाही. दुसऱ्यांना तुमची स्किन दिसायला हवी असेल तर फोल्डर त्यांच्याही मशीनवर टाकावं लागतं, हे लक्षात ठेवा. आयरेसिंग या सिम्युलेटरमध्ये ट्रेडिंग पेंट्स या सेवेमुळे ते आपोआप होतं, पण तिथे वर्गणी भरावी लागते आणि बऱ्याच गाड्या-ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सगळ्यात आधी शिवण. पुढच्या फेंडरवरून निघालेला पट्टा दरवाजावर जाताना सपाट चित्रात दोन वेगळ्या तुकड्यांवर असतो, आणि दोन्ही तुकड्यांचं प्रमाण सारखं नसतं. त्या जागी एक मिलिमीटर चुकला तर शोरूममध्ये पट्टा तुटलेला दिसतो आणि बाकीची सगळी मेहनत झाकली जाते. म्हणून आधी रंग भरूच नका. गाडीवर एका उंचीने जाणारी एकच लाल रेघ मारा, पुढच्या चाकाच्या कमानीपासून मागच्या दिव्यापर्यंत, आणि शोरूममध्ये फिरवून बघत ती दोन्ही बाजूंना जुळवा. पहिल्या खेपेला मला तीन रात्री लागल्या होत्या. तुमची रेघ जुळली की स्क्रीनशॉट टाका, दरवाजाच्या हँडलपाशी काय झालंय ते मला पहिल्यांदा बघायचंय.